दूर अंतरावरून चालना देणारे यंत्र

साहेब, तुम्हाला ठाऊक होतं.

मान हलवू नका. पुढे कोर्टात तुम्ही काय सांगितलंत, वर्तमानपत्रात काय छापून आणलंत, ते राहू द्या बाजूला. मी फक्त त्या एका दुपारचं बोलतोय. कोंढेगाव कोळसा खाणीची कॉलनी, क्वार्टर नंबर सी-चौदा, पुढची खोली, एप्रिल महिना. त्या खोलीत काय खरं आणि काय खोटं, हे तुम्हाला तिथल्या तिथं कळलं होतं आणि तुम्ही तोंड बंद ठेवलंत. आता तुम्ही मोठ्या हुद्द्यावर गेला असाल, नाहीतर निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असाल. तुम्हाला ती दुपार आठवत नसेल. मला आठवते. त्या दिवशी तुम्ही बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. आज उलट.

"रायटर कुठाय आपला?" तुम्ही ओसरीवरून ओरडलात. सुरुवात तिथून झाली.

तुमचे जांभुळे हवालदार घाम पुसत म्हणाले, "साहेब, त्याला ऊन लागलं. जीपमध्ये आडवा झालाय. दोनदा उलटी केली."

"मग पंचनामा कोण लिहिणार? तुम्ही?"

"माझं अक्षर मलाच वाचता येत नाही साहेब."

तुम्ही कुंपणाबाहेर जमलेल्या आम्हा लोकांकडं बघितलंत. "इथं कोणी धड शुद्ध मराठी लिहिणारा आहे का रे?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. पण माझ्या शेजारी नत्थू झाडे उभा होता, पानठेलेवाला. त्यानं मला मागून ढकललं. "हा हाय ना साहेब! शालिक उरकुडे. कॉलनीतले सारे अर्ज हाच लिवते. पेपरात नाव आलतं याचं."

"कशाबद्दल?"

"निबंधात दुसरा आलो होतो," मी म्हणालो. "जिल्ह्यात."

"अरे वा." तुम्ही हसलात. "ये आत. आज तू माझा रायटर. आणि हा पानवाला दुसरा पंच."

पंचानंच पंचनामा लिहायचा नसतो, हे मला फार नंतर एका वकिलानं सांगितलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, बारावी दोनदा नापास, कॉलनीच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असायची आणि तिथली सगळी पुस्तकं मी दोन-दोनदा वाचली होती. मला लेखक व्हायचं होतं. पोलिसांत साहेबाच्या सांगण्यावरून लिहिणाऱ्या शिपायाला 'रायटर' म्हणतात, एवढंच तुम्ही बोलला होता. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी रायटर म्हटलं होतं. मी घाबरलेलो असतानाही त्या शब्दानं मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

भीती कसली होती ते तुम्हाला सांगायला नको. ती तुम्हीच आणली होती. नऊ दिवसांपूर्वी खाणीच्या मॅगझीनमधून, म्हणजे जिथं बारूद ठेवतात त्या खोलीतून, डिटोनेटरची एक पेटी गायब झाली. कोळसा फोडायला सुरुंग लावतात, त्या सुरुंगाला पेटवणारी नळकांडी म्हणजे हे डिटोनेटर. त्या नऊ दिवसांत कॉलनीतले सहा जण तुमच्या जीपमधून गेले आणि आले. बळीराम ताकसांडे दोन रात्री राहून आला आणि पुढं महिनाभर भिंत धरून चालला. त्याला 'काय झालं' असं कोणी विचारलं नाही. त्याच्या पायांकडं बघून लोक आपल्या घरात गेले आणि कडी लावली.

आणि त्या दुपारी तुमची जीप सी-चौदापुढं थांबली. पोचम दुर्गमच्या दारात.

पोचमकाका तीस वर्षं खांद्यावर बारुदाची पेटी घेऊन खाणीत उतरले होते. तेच त्यांचं काम, पेटी वर मॅगझीनमधून घ्यायची आणि खाली सुरुंगवाल्याच्या हातात द्यायची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मूळचे सिरोंच्याकडचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. तुम्ही त्यांच्या दारात का आलात, ते कळतं मला. बारुदवाला म्हटल्यावर कोणीही आलं असतं. तुम्ही आलात याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

आत लसमाकाकू खाटेवर होती. तिच्या अंगावरून दोन वर्षांपूर्वी वारं गेलं होतं, उजवी बाजू सगळी गेली, वाचाही गेली. डाव्या हाताची बोटं आधीपासूनच संधिवातानं आखडलेली. राहिला फक्त डावा अंगठा. शहाणपण मात्र जसंच्या तसं शाबूत, डोळ्यांतून सगळं कळायचं. दिवसभर टीव्ही बघायची, तेलुगू चॅनल. पण टीव्हीचा रिमोट वेगळा, डिशच्या डब्याचा वेगळा, सीडीचा वेगळा. तिच्या एका अंगठ्याला तीन रिमोट कसे झेपावेत? काका म्हणायचे, "शालिका, साऱ्याले एकच रिमोट भेटला पाहिजे. असते म्हणे तसा."

तो शोधायला ते चंद्रपूरला गेले, बल्लारशाला गेले. दुकानदार म्हणायचे, तुमचा टीव्ही कंपनीचा नाही, जोडलेला आहे, त्याला कुठलाच चालणार नाही. शेवटी मंचेरियलच्या बसस्टँडवर, कंगवे आणि बॅटऱ्या विकणाऱ्या एका माणसाच्या टोपलीत त्यांना तो सापडला. युनिव्हर्सल रिमोट. टॉवेलात गुंडाळून, नवजात पोर आणावं तसा घेऊन आले. माझ्या दारातूनच ओरडले, "सापडला रे!"

सोबत इंग्रजीतला एक चिटोरा होता, मुंगीएवढी अक्षरं. त्यात कंपन्यांची नावं आणि पुढं तीन-तीन आकडे. आपल्या टीव्हीचा आकडा रिमोटला सांगावा लागतो, मग तो चालतो. डिशचा आणि सीडीचा आकडा लगेच मिळाला, पण आपल्या टीव्हीला कंपनीच नाही, म्हणजे सगळे आकडे लावून बघायचे. एक बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की आकडा टाकायचा, आणि टीव्ही बंद होतो का बघायचं. काकांना अक्षरओळख नव्हती. आकडे तेवढे कळायचे, पेट्यांवरचे बघून बघून. म्हणून साठ पानी वहीत सगळे आकडे मोठ्या अक्षरात कोणीतरी उतरवून दिले. रोज दोन-तीन पानं व्हायची आणि प्रत्येक आकड्यापुढं शेरा लिहिला जायचा. 'लागला नाही.' 'लागला नाही.' 'आवाज वाढतो, बंद होत नाही.' अठराव्या दिवशी सहाशे सतरा नंबर टाकला आणि टीव्ही फट्कन बंद झाला. काकू अर्ध्या तोंडानं हसली. वहीत त्या आकड्याभोवती चांदण्या काढून लिहिलं गेलं: '६१७. काम फत्ते.'

त्या दिवसापासून तो रिमोट काकूची जीभ झाला. काका मागे परसात असले तरी ऐकून ओळखायचे. टीव्हीचा आवाज वाढला म्हणजे पाणी पाहिजे. चॅनल भराभरा बदलले म्हणजे कूस बदलून द्या. आणि टीव्ही बंद झाला म्हणजे ये, हातातलं टाकून ये. रिमोट हातातून सुटू नये म्हणून काकांनी त्याला लाल टेप गुंडाळली आणि पिवळ्या तारेनं खाटेच्या दांडीला बांधला. ती टेप आणि ती तार खाणीतली होती, सुरुंगाची. त्यात नवल काय? आमच्या कॉलनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्याही त्याच तारेच्या होत्या. सुरुंग उडाल्यावर उरलेले तुकडे घरी आणायची आमच्याकडं रीतच होती. तुम्ही आत येताना अशाच एका तारेखालून वाकून आलात साहेब. तिच्यावर काकूचं लुगडं वाळत होतं.

तर तुम्ही खुर्चीवर बसलात. मला खाली चटईवर बसवलंत. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. कुलरचा पंखा खडखडत होता. काका भिंतीला टेकून उभे होते, हात जोडून नव्हे, पण हातांचं काय करावं हे न कळून.

"पेटी कुठाय पोचम?"

"कोणती पेटी साहेब?"

"तीस वर्षं वाहिलीस ती."

"ते खाणीची होती साहेब. मी माझ्या घरी कायले आणू?"

"तार आणलीस ना घरी?"

"तार तर साऱ्यायच्याच घरी हाय."

"मी तुझ्या घरात बसलोय," तुम्ही म्हणालात.

जांभुळे हवालदार डबे उघडत होते, कणकेत हात घालत होते. एवढ्यात टीव्हीचा आवाज वाढला. एकदम. कोणीतरी बाई तेलुगूत रडत होती, ती आता खोलीभर रडायला लागली.

"आवाज कमी करा!"

काका पुढं झाले. "तिले पाणी पाहिजे साहेब."

"मी आवाज म्हणालो, पाणी नाही."

"तेच सांगतो ना साहेब..."

"तू हलू नको." तुम्ही उठलात, गोधडी बाजूला केलीत आणि थबकलात. काकूच्या मुठीत लाल टेप गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून निघालेली पिवळी तार. मी तुमचा चेहरा बघितला साहेब. एक क्षण तुम्हीही घाबरलात. तो एक क्षण मी तुम्हाला माफ करतो. पण लगेच तुम्ही वाकून नीट बघितलंत. बटणं बघितलीत. आणि तुमचे खांदे सैल झाले. घरी तुम्ही रोज संध्याकाळी जे हातात धरत असाल तेच ते आहे, हे तुम्हाला कळलं.

"काढा ते," तुम्ही म्हणालात.

काकू सोडेना. जांभुळेंनी तिचा अंगठा उचकटला, शेंग सोलावी तसा. तिच्या घशातून आवाज निघाला, माणसाचा वाटणार नाही असा. काका तेलुगूत काहीतरी ओरडले आणि जांभुळेंनी त्यांना कोपरानं भिंतीकडं दाबलं. नत्थू माझ्याजवळ सरकून कानात म्हणाला, "लिव ना बे लवकर, सुटू दे आपल्याले."

"लिही रायटर," तुम्ही म्हणालात. "आरोपीच्या घरातून मिळाला, एक युनिव्हर्सल रिमोट. मराठीत लिही पण. कोर्टाला मराठी लागतं."

आता ऐका माझी अक्कल. मी 'टीव्हीचा रिमोट' लिहू शकलो असतो. दोन शब्द. कोर्टानं त्यांना नाही म्हटलं नसतं. पण मी निबंधवाला. शुद्ध मराठीवाला. इंग्रजी शब्द आला की मला कमीपणा वाटायचा. मी पेन थांबवला, विचार केला, आणि जिल्ह्यात दुसरा आलेल्या अक्षरात लिहिलं:

'दूर अंतरावरून अनेक उपकरणांस चालना देणारे यंत्र, नग एक, लाल चिकटपट्टीने वेष्टित, सुरुंगाच्या पिवळ्या तारेसह.'

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून वाचलंत. त्या ओळीवरून बोट फिरवलंत. मग हळूच म्हणालात, "वा. शब्द काय सापडलाय तुला!"

आणि मी, साहेब, लाजलो. शाबासकी मिळाल्यासारखा.

तेवढ्यात जांभुळेंनी उशीखालून वही काढली.

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. आत्तापर्यंत मी 'कोणीतरी' उतरवून दिले म्हणालो. कोण असणार? काकांच्या ओळखीत लिहिणारा मी एकटा होतो. त्या वहीतला प्रत्येक आकडा माझा, प्रत्येक शेरा माझा, चांदण्यासुद्धा माझ्या. आणि माझ्या मांडीवरच्या कागदावर तेच अक्षर होतं, ओलं. माझा 'ल' खाली शेपटी काढतो. माझा 'झ' कोणासारखा नाही. निबंधाच्या परीक्षकांनी त्याबद्दल शेरा दिला होता.

तुम्ही वही उघडलीत. मोठ्यानं वाचू लागलात. "तीनशे चार, लागला नाही. तीनशे पाच, लागला नाही. तीनशे नऊ, लाल दिवा लागला. चारशे बावन्न, आवाज वाढतो, बंद होत नाही." पान उलटलंत. "सहाशे सतरा. काम फत्ते." तुम्ही वर बघितलंत. "कसलं काम रे पोचम?"

"टीव्हीचं साहेब. रिमोटचे नंबर हायत ते."

"लिही रायटर. एक वही. पुढं काय लिहिशील?"

मी पेनचं टोक पुसत राहिलो. तुम्हीच सांगितलंत, "सांकेतिक क्रमांकांची." मी लिहिलं. पण आता मी अक्षर बदललं. शेपटी कापली. 'ल' सरळ उभा केला. ओळ डावीकडं कलती केली. कागदाच्या वरच्या अर्ध्यात एक माणूस लिहीत होता, खालच्या अर्ध्यात दुसरा. घामाचा थेंब कागदावर पडला, तो मी बाहीनं टिपला आणि शाई पसरली. बळीरामचे पाय माझ्या डोळ्यांपुढं होते. दुसरं काहीच नव्हतं.

"आणि हे अक्षर कोणाचं?" तुम्ही विचारलंत.

टीव्हीतली बाई रडत होती. कोणीच तिचा आवाज कमी करू शकत नव्हतं. त्या जुन्या टीव्हीची बटणं कधीच मोडून पडली होती.

पोचमकाकांनी माझ्याकडं बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागते तेवढंच. त्या नजरेत राग नव्हता. काहीतरी हिशेब होता, जो मला तेव्हा कळला नाही.

"माझंच हाय," ते म्हणाले.

"तू लिहितोस?"

"हो."

"एवढं सुंदर?"

"हो साहेब. माझंच."

मी खाली बघत राहिलो. माझं तोंड उघडलं नाही, साहेब, आणि ते कोणी धरून ठेवलं नव्हतं.

"चला, वाचून दाखव."

पंचनामा वाचून दाखवावा लागतो. मी वाचला. आम्ही खालील सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की. वाचता वाचता मलाच तो ऐकू यायला लागला. दूर अंतरावरून चालना देणारे यंत्र. सुरुंगाची तार. सांकेतिक क्रमांक. काम फत्ते. प्रत्येक शब्द खरा. एकही खोटा नाही. आणि सगळे मिळून गळ्याला दोर.

नत्थूचे डोळे मोठे झाले. "बाप्पा! इतकं सारं होतं का याच्या घरी?" तो माझ्या कानात पुटपुटला. त्याच्या डोळ्यांपुढं तो रिमोट होता, त्यानं तो रोज बघितला होता, पण शब्द ऐकल्यावर त्यालाही दुसरंच काही दिसायला लागलं.

"काही बदलायचंय?" तुम्ही विचारलंत. मला विचारलंत. माझ्याकडं बघून.

"नाही साहेब."

"करा सह्या."

मी सही केली. नत्थूनं वेडीवाकडी केली. मग तुम्ही कागद काकांपुढं धरलात आणि पेन दिलात. काकांनी पेन घेतला नाही. ते कागदाकडं बघत राहिले. त्यांना आपली चूक कळली होती, पण आता इलाज नव्हता.

"साहेब... अंगठा," ते म्हणाले.

खोलीत कुलरची खडखड आणि टीव्हीतली बाई. जांभुळेंनी शाईची डबी पुढं केली. काकांनी अंगठा बुडवला, कागदावर टेकवला. निळा, ठसठशीत. बारुदाच्या पेट्या वाहून झिजलेला, रेषा नसलेला अंगठा.

तुम्ही त्या अंगठ्याकडं बघितलंत. मग वहीतल्या 'काम फत्ते'कडं बघितलंत. मग माझ्या पंचनाम्याच्या पहिल्या ओळीकडं. मग शेवटच्या ओळीकडं. आणि मग माझ्याकडं.

मला मुतायला झालं साहेब. खोटं सांगत नाही. मला वाटलं, आता. आता म्हणतील.

तुम्ही कागदाची घडी घातलीत, खिशात ठेवलीत, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं आहे तुझं. जपून वापर."

जीप धुरळा उडवत गेली. काका मागच्या बाजूला दोन शिपायांच्या मध्ये बसले होते. ते घराकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते आणि हातानं काहीतरी खूण करत होते. घराकडं बोट, माझ्याकडं बोट. मला वाटलं, धमकी देतायत. तुझं नाव सांगीन म्हणतायत.

आत काकूचा अंगठा रिकाम्या मुठीत हलत होता. दाब, दाब, दाब. टीव्ही तसाच ओरडत होता. मी प्लग ओढून काढला. आवाज थांबला आणि काकूनं माझ्याकडं वळून बघितलं. टीव्ही बंद म्हणजे, ये. हातातलं टाकून ये.

मी दार ओढून घेतलं आणि पळालो. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मामाच्या गावाला गेलो आणि अडीच महिने तिथंच राहिलो. मामाच्या गोठ्यात म्हशी असायच्या तिथं मी झोपायचो, रस्त्यावर जीप वाजली की कडब्यात शिरायचो.

पेटी सात महिन्यांनी सापडली. मॅगझीनमध्येच, मागच्या रॅकखाली, रंगकाम काढलं तेव्हा. त्याची बातमी आली नाही. त्यानंतर पोचमकाका सुटून आले ते निम्मे होऊन. तोवर घराला कुलूप होतं. काकूची बहीण काही दिवसांनी येऊन तिला सिरोंच्याला घेऊन गेली होती, आणि चौथ्या महिन्यात काकू गेली. बहीण काकांना म्हणाली, "खायला मागते की पाणी मागते, कूस पाहिजे की काय, आम्हाला कधी कळलंच नाही. अंगठा तेवढा हलवायची. आम्ही समजलो, झटके येतात."

मी तोंड लपवत होतो. एक दिवस काकांनी मला वाचनालयात गाठलं. मी म्हटलं, आता शिव्या देतील, मारतील. बरं झालं असतं.

ते बाकावर बसले. म्हणाले, "तुहं नाव घेतलं असतं तर दोघंही गेलो असतो शालिका. मंग तिच्याजवळ कोण राहिलं असतं? साऱ्या कॉलनीत तिची बोली तुलेच समजत होती. आवाज म्हणजे पाणी, बंद म्हणजे ये. म्हणून म्हटलं, हा राहू दे. जीपमधून खूणही केली मी तुले. पायली ना?"

"पायली," मी म्हणालो.

"बहीण येईपर्यंत तू होता ना तिच्याजवळ?"

साहेब, माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा जड शब्द तो आहे. एकच अक्षर आहे त्यात.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचा अंगठा आता वळत नव्हता. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पोचमकाका मागच्या वैशाखात वारले. मरेपर्यंत मला 'पोरा' म्हणायचे. मी त्यांना खरं सांगितलं नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतोय. ऐकायला दुसरं कोणी उरलं नाही.

गेल्या महिन्यात मी अर्ज करून कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत गेलो. कारकुनानं शोधून शोधून एक मळकी थैली काढली. आत तो रिमोट होता, लाल टेपेसकट, सेल फुटून पाझरलेले, बटणांवर हिरवी बुरशी. एक बटण बाकीच्यांपेक्षा झिजलेलं होतं. आवाज वाढवायचं. थैलीला चिठ्ठी बांधलेली, पंचनाम्यातली ओळ जशीच्या तशी.

कारकून चिठ्ठी वाचून हसला. "आयला, टीव्हीचा रिमोट आहे की हा! हे असं कोणत्या बैलानं लिहिलं?"

"मी," मी म्हणालो.

तर साहेब, माझा गुन्हा मी लिहून दिला आहे. शब्द माझे, सही माझी, गप्प बसणं माझं, पळणं माझं, आणि ते 'हो'सुद्धा माझंच. यातलं काही मी तुमच्यावर ढकलत नाही. पण मी बावीस वर्षांचा होतो आणि मला बळीरामचे पाय दिसत होते. तुम्हाला कोणाची भीती होती? कमरेला पिस्तूल होतं तुमच्या. जो माणूस अंगठा देतो त्यानं ती वही लिहिलेली नाही, हे कळायला शाळा लागत नाही. तुम्हाला कळलं होतं. तुमची नजर वहीवरून माझ्या कागदावर आणि कागदावरून माझ्यावर आली, ती मी अजून विसरलेलो नाही. ते अक्षर कोणाचं, हे तुम्ही मला का नाही विचारलंत? एक वाक्य होतं. तुम्ही विचारलं असतंत तर मी त्या चटईवर रडून सगळं सांगितलं असतं, रिमोट कसा सापडला ते, सहाशे सतरा कसा लागला ते. मग कदाचित तुम्ही दोघांनाही नेलं असतंत. कदाचित दोघांनाही सोडलं असतंत. पण विचारायचं तर होतं.

हे मी टाइप करून पाठवत नाही. हातानं लिहितोय. 'ल'ची शेपटी कापलेली नाही, 'झ' जसा होता तसाच आहे. नीट बघा. ओळखलंत ना?

मग उत्तर द्या. का नाही विचारलंत?